परसातला शेवगा, डब्यातली पूड

श्रीवर्धन-मुरूड पट्ट्यातले रुग्ण हल्ली 'मोरिंगा' लिहिलेला डबा टेबलावर ठेवतात आणि विचारतात, "डॉक्टर, घेऊ का?" मी उलट विचारतो, परसात शेवगा आहे का? बहुतेकदा असतो. त्याच्या शेंगा सोड्यांच्या कालवणात जातात आणि पाला गुरांपुढे. डब्यात असते ती त्याच पाल्याची वाळवून केलेली पूड.

3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने इथल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या. नवी पोफळ धरायला पाच-सहा वर्षं लागतात. शेवग्याची जाड फांदी पावसाच्या तोंडावर रोवली, तर वर्षभरात पाला खुडता येतो. लाकूड ठिसूळ खरं, पण मोडलेल्या बुंध्याला पुन्हा धुमारे फुटतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण रुचिरा' ही जात आपल्या हवामानासाठीच काढली आहे.

आयुर्वेदाचा 'शिग्रू' तो हाच. मुळाला झणझणीत वास, म्हणून इंग्रज साहेब ते हॉर्सरॅडिशऐवजी जेवणात घेत. तुम्ही मात्र मुळाच्या आणि सालीच्या वाटेला जाऊ नका, गर्भवतींनी तर मुळीच नाही. बियांच्या भुकटीने गढूळ पाणी निवळतं हेही खरं आहे, पण निवळलेलं पाणी निर्जंतुक नसतं. पावसाळ्यात विहिरीचं पाणी उकळूनच प्या.

आता पाल्याकडे येऊ. 100 ग्रॅम ताज्या पाल्यात साधारण 300 मिलिग्रॅम कॅल्शियम, सहा ग्रॅमच्या वर प्रथिनं आणि साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं. एका पालेभाजीसाठी हे उत्तमच. पण प्रौढ स्त्रीला रोज 29 मिलिग्रॅम लोह लागतं, हा हिशेब जाहिरातवाले सांगत नाहीत. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. भाजी सुरू केली म्हणून लोहाच्या गोळ्या बंद करणाऱ्या बायकांवर मी रागावतो, आणि रागावत राहणार.

भाजी करताना कोवळा पाला घ्या, देठ काढा. थोडं तेल हवंच, त्याशिवाय त्यातलं अ जीवनसत्त्वाचं द्रव्य अंगी लागत नाही. मूगडाळ घाला, ओलं खोबरं घाला. वरून लिंबू पिळलं की लोह चांगलं शोषलं जातं. जेवणावर लगेच चहा घेतलात, तर त्यातलं बरंच वाया जातं.

रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी चालू असेल, तर पाला एकदम वाढवू नका. त्यातल्या के जीवनसत्त्वाने गोळीचा परिणाम कमी होतो. मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनी पूड सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगावं. आणि रक्तदाबासाठी पुडीचा डबा आणणाऱ्यांनो, तोच डबा फडताळात खारवलेल्या सुक्या मासळीशेजारी असेल, तर आधी मासळीतलं मीठ कमी करा. ती कोमट पाण्यात भिजवा, ते पाणी ओता, पुन्हा धुवा आणि कालवणात वेगळं मीठ घालू नका.