इंग्रजीतील ‘फार’ आणि आपला ‘फार’

बी. ए. प्रथम वर्षाला असताना माझी इंग्रजी निबंधाची वही तपासून परत आली, तेव्हा शेवटच्या पानावर लाल शाईत तीनच शब्द होते : ‘फार फ्रॉम सॅटिस्फॅक्टरी’. ‘सॅटिस्फॅक्टरी’ म्हणजे समाधानकारक, हे मला ठाऊक होते. ‘फार’ म्हणजे तर फारच! मधला ‘फ्रॉम’ तेवढा घशात अडकत होता. पण ‘फ्रॉम’ म्हणजे ‘कडून’, तेव्हा हा अभिप्राय सरांकडून आहे असाच त्याचा अर्थ असणार, अशी मी माझी समजूत घातली. वही घेऊन गावी गेलो. आबांनी विचारले, “काय लिवलंय सरांनी?” मी म्हणालो, “लई समाधानकारक आहे म्हणून लिहिलंय.” आबांनी ते सोसायटीच्या ओट्यावर बसलेल्या चार जणांना सांगितले. त्या वर्षी कापसाचे पैसे हातात आले नव्हते आणि माझी फी उसनवारीवर भरलेली होती. ज्यांनी पैसे दिले होते, ते त्या चार जणांत बसलेले होते.

पुढे सोमवारी वर्गात सरांनी सर्वांसमक्ष त्या अभिप्रायाचा अर्थ सांगितला, तेव्हा बाकाखाली तोंड लपवावेसे वाटले. ‘समाधानकारक असण्यापासून पुष्कळ दूर’, म्हणजे मुळीच समाधानकारक नाही! तेव्हापासून हा शब्द माझ्या मागे लागला आहे, किंवा मी त्याच्या मागे लागलो आहे. या लेखात त्याचीच हकीकत मांडतो. माझ्या विद्यार्थी बंधुभगिनींपैकी कोणी तरी या खड्ड्यात पडलेच असेल असा माझा अंदाज आहे.

प्रथम दोन्ही शब्दांचे कूळ पाहू. उच्चार सारखा असला तरी हे भाऊ नव्हेत. मराठी ‘फार’ हा संस्कृत ‘स्फार’ या शब्दावरून आला. स्फार म्हणजे विस्तीर्ण, मोठा, पुष्कळ. इंग्रजी ‘फार’चा जुना उच्चार ‘फेओर’ असा काहीसा होता, आणि त्याचे नाते लागते ते आपल्या ‘पर’शी. परदेश, परलोक, परका यांतला हा ‘पर’. संस्कृतातील ‘प’ इंग्रजीत ‘फ’ होऊन बसतो, हा नियम याकोब ग्रिम या जर्मन पंडिताने १८२२ मध्ये सविस्तर मांडला. पितृ आणि फादर, पाद आणि फूट, पंच आणि फाइव्ह ही त्याची नेहमीची उदाहरणे. म्हणजे इंग्रजी ‘फार’चा खरा मराठी सोयरा ‘फार’ नसून ‘पर’ आणि ‘पार’ आहे. आणि गंमत पाहा, आपला ‘पार’सुद्धा अंतर आणि प्रमाण अशी दोन्ही कामे करतो. ‘तो पार नांदेडपर्यंत जाऊन आला’ येथे अंतर. ‘पिकाची पार वाट लागली’ येथे प्रमाण. गोदाकाठच्या माणसाला हे शिकवावे लागत नाही. पलीकडचा तीर तो पार.

आता कामाची वाटणी पाहू. मराठी ‘फार’ एकटा कधीच अंतर दाखवीत नाही. ‘परभणी फार आहे’ असे म्हटले तर ऐकणारा विचारील, ‘फार काय आहे?’ आपल्याला ‘फार लांब’ म्हणावे लागते. प्रमाणाच्या कामात मात्र तो एकटा पुरेसा आहे : फार आजारी, फार गोड, फार पाऊस. इंग्रजी ‘फार’ची तऱ्हा नेमकी उलटी. अंतर तो एकटा सांगतो. प्रमाण सांगायचे तर त्याला सोबत लागते. म्हणूनच ‘माय फादर इज फार इल’ हे रजेच्या अर्जात आपण सर्रास लिहितो ते वाक्य चुकीचे आहे. तेथे ‘व्हेरी इल’ पाहिजे. पण तुलना आली की ‘व्हेरी’ची जागा ‘फार’ घेऊ शकतो : ‘ही इज फार बेटर टुडे’, काल होती त्यापेक्षा आज तब्येत कितीतरी बरी. ‘व्हेरी बेटर’ मात्र कधीच चालत नाही. तुलना म्हणजे दोन बिंदू, आणि दोन बिंदू आले की मध्ये अंतर आलेच. ते अंतर ‘फार’ मोजतो. ही किल्ली सापडल्यावर मला व्याकरणाचे पुस्तक बरेच कमी उघडावे लागले. ‘बाय फार द बेस्ट’ म्हणजे दुसऱ्या नंबरच्यापेक्षा कितीतरी पुढे. ‘फार टू हॉट’ म्हणजे सोसवेल त्या मर्यादेच्या पुष्कळ पलीकडचे ऊन. आपल्याकडचा मे महिना डोळ्यांसमोर आणावा. शब्दांची अदलाबदल करून ‘टू फार’ केले की मर्यादा ओलांडून जाणे. थट्टा ‘टू फार’ गेली की भांडण होते.

माझ्या वहीतला ‘फार फ्रॉम’ही याच किल्लीने उघडतो. ‘सॅटिस्फॅक्टरी’ हे एक गाव समजा. माझा निबंध त्या गावापासून दूर आहे, अजून फाट्यालासुद्धा लागलेला नाही. ‘फार फ्रॉम ईझी’ म्हणजे सोपे तर नाहीच, उलट अवघड. अशा ठिकाणी ‘फार’चे भाषांतर ‘मुळीच नाही’ असे केले की बहुधा भागते.

अंतराच्या अर्थात आणखी एक बारकावा आहे, तो मला पाथरीच्या बस स्टँडवर उमगला. येथील साईबाबांच्या मंदिरामुळे परप्रांतातील भाविक येत असतात. तेलुगू बोलणाऱ्या एका गृहस्थांनी मला विचारले, ‘इज द टेंपल फार?’ गडबडीत माझ्या तोंडून मराठीच निघाले : ‘फार नाही!’ त्यांनी मान डोलावली आणि चालू लागले. उत्तर बरोबर पोचले होते, व्याकरणासकट! कारण इंग्रजी ‘फार’ला अंतराच्या अर्थी प्रश्न आणि नकार मानवतात. ‘हाऊ फार इज इट?’, ‘इट इज नॉट फार’ ही वाक्ये सहज. पण साध्या होकारी वाक्यात ‘इट इज फार’ असे उघडेवाघडे ठेवण्यापेक्षा इंग्रज ‘इट इज अ लाँग वे’ म्हणतो, किंवा ‘फार अवे’, ‘टू फार’ अशी जोड देतो. हा नियम विचित्र वाटेल. पण आपला ‘फारसा’ शब्द आठवा. ‘मला फारसे इंग्रजी येत नाही’ हे आपण म्हणतो. ‘मला फारसे इंग्रजी येते’ असे कोणी म्हणत नाही. ‘फारसा’ला नकार लागतो हे आपल्याला कोणी शिकवले नाही, तरी आपण चुकत नाही.

किलोमीटरचा आकडा दिला की ‘फार’ येतच नाही. ‘माय व्हिलेज इज एट किलोमीटर्स फार’ हे मी दोन वर्षे लिहीत होतो; तेथे ‘अवे’ पाहिजे. पाथरीला रेल्वे नाही, गाडीसाठी मानवत रोड किंवा सेलू गाठावे लागते, तेव्हा अंतरे सांगण्याचा प्रसंग आपल्यावर वरचेवर येतो.

‘सो फार’ म्हणजे आतापर्यंत, ही गोष्ट बहुतेकांना माहीत असते. ‘ॲज फार ॲज’मध्ये मात्र घोळ होतो. ‘द बस गोज ॲज फार ॲज सोनपेठ’ म्हणजे बस सोनपेठपर्यंतच जाते. ‘ॲज फार ॲज आय नो’ म्हणजे माझी माहिती जेथपर्यंत जाते तेथपर्यंत. ‘ॲज फार ॲज माय फॅमिली’ असे म्हणून थांबू नये, पुढे ‘इज कन्सर्न्ड’ जोडावे लागते. ‘फार्दर’ आणि ‘फर्दर’ यांपैकी अंतरासाठी दोन्ही चालतात. पण पुढील शिक्षणाच्या अर्जात ‘फर्दर स्टडीज’च लिहावे. इंग्लंडातल्या प्रचलित उच्चारात व्यंजनापूर्वीचा ‘र’ गिळतात, त्यामुळे ‘फार्दर’ आणि ‘फादर’ कानाला एकच वाटतात. हे कळल्यावर मला उगाचच आबांची आठवण झाली.

आबांना खरा अर्थ सांगायला मला पंधरा दिवस लागले. गावाचे आणि फाट्याचे उदाहरण देऊनच सांगितला. ते काही वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “त्या चौघांना मीच सांगतो. तू नको येऊस.” आणि खरोखरच जाऊन सांगून आले.

दुसऱ्या सहामाहीत वही परत आली तेव्हा शेरा होता : ‘बेटर, बट फार टू लाँग’. या वेळी अर्थ लावायला कोणाची मदत लागली नाही. या लेखावरही तोच शेरा पडू नये म्हणून येथेच थांबतो.