शिकवायला आलेले विद्यार्थी : मराठी मुलखातील मिशनरी

(द्वितीय वर्ष, बी. ए.)

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात फादर स्टीफन्स, 'ख्रिस्तपुराण', 'ज्ञानोदय' ही नावे आपण परीक्षेपुरती पाठ करतो. सन, ग्रंथाचे नाव आणि ओव्यांची संख्या लिहिली की टीप पूर्ण होते. परंतु ही माणसे परक्या मुलखात राहिली कशी, कोणाशी कोणत्या भाषेत बोलली, आणि येताना आणलेली त्यांची श्रद्धा इथल्या मातीत तशीच राहिली की बदलली, हे प्रश्न टिपेत मावत नाहीत. प्रस्तुत लेखात त्यांचाच विचार करावयाचा आहे.

मिशनऱ्यांविषयी आपल्याकडे दोन मते ऐकू येतात. ते धर्म बाटवायला आले, हे एक. त्यांनी शाळा आणि छापखाने आणले, हे दुसरे. दोन्ही मतांना आधार आहे. पण दोन्हींत मिशनरी हा फक्त देणारा किंवा घेऊन जाणारा दिसतो. तो आधी विद्यार्थी होता, हे मात्र सुटून जाते.

फादर स्टीफन्स

थॉमस स्टीफन्स हे मूळचे इंग्लंडचे. इ. स. १५७९ च्या एप्रिलमध्ये लिस्बनहून निघालेले त्यांचे जहाज ऑक्टोबरमध्ये गोव्याला पोहोचले. त्यानंतर १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे सुमारे चाळीस वर्षे, ते इथेच राहिले. १५८३ मध्ये त्यांनी आपल्या भावाला लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. त्यात धर्माच्या गोष्टी आहेत, तसेच नारळाच्या झाडाचे कौतुकही आहे. एकाच झाडापासून तेल, ताडी, गूळ, शिर्का आणि दोर मिळतात आणि त्याच्याच झावळ्यांनी घरे शाकारतात, याचे त्यांना नवल वाटले. इथल्या भाषांचे उच्चार कानाला वाईट लागत नाहीत व त्यांची घडण ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे, असेही त्यांनी नोंदवले. हीच गोष्ट विल्यम जोन्स यांनी संस्कृतच्या संदर्भात १७८६ मध्ये मांडली, म्हणजे दोनशे वर्षांनंतर. नव्या मुलखात आलेला माणूस प्रथम झाड पाहतो आणि भाषा ऐकतो, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

पण त्यांच्या पाठीशी पोर्तुगीज सत्ता होती, हे विसरून चालणार नाही. साष्टीतील देवळे पाडली गेली होती. त्या संतापातून १५८३ मध्येच कुंकळ्ळी येथे पाच जेसुइट मारले गेले, आणि पुढे पोर्तुगिजांनी गावच्या प्रमुखांना ठार करून त्याचा सूड घेतला. हे मारले गेलेले जेसुइट स्टीफन्स यांचेच सहकारी होते. अशा वेळी माणसाचे मन कडवट होणे सोपे असते. स्टीफन्स मात्र भाषा शिकत राहिले.

१६१६ मध्ये राचोल येथे त्यांचे 'ख्रिस्तपुराण' रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ आहे. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणे बंद केली गेली होती. मग आम्ही ऐकायचे काय, असा त्यांचा प्रश्न होता, आणि त्याला स्टीफन्स यांनी दिलेले उत्तर म्हणजे हे पुराण. उत्तर देताना त्यांनी आपल्या देशाचे वृत्त न घेता ओवी घेतली. स्वर्गाला त्यांनी वैकुंठ म्हटले. रत्ने, फुले आणि पक्षी यांच्या उपमा देऊन मराठीचा गौरव केला.

आमच्या घरी आजी अजूनही लग्नाची हळद दळताना ओव्या म्हणते. तिला अक्षरओळख नाही. ग्रंथातील ओवी आणि जात्यावरची ओवी यांत फरक आहे हे आम्हाला वर्गात शिकवले आहे; पण इंग्लंडातून आलेल्या माणसाला जी ओवी वर्षानुवर्षे कष्ट करून मिळवावी लागली, तिची एक बहीण माझ्या आजीकडे जन्मतःच आहे, हे स्टीफन्स वाचल्यावरच माझ्या लक्षात आले.

अमेरिकन मराठी मिशन

दोन शतकांनंतर अमेरिकन आले. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट ११ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईत उतरले. ईस्ट इंडिया कंपनीला ते नको होते, आणि अमेरिका व इंग्लंड यांच्यात तेव्हा युद्धही चालू होते. त्यांच्याच तुकडीतील सॅम्युएल न्यूएल यांची पत्नी हॅरिएट हिला कलकत्त्याहून पतीसह परत निघावे लागले. समुद्रात तिला मुलगी झाली आणि ती दगावली. ३० नोव्हेंबर १८१२ रोजी मॉरिशस बेटावर हॅरिएटही वारली. मराठी मुलूख तिने पाहिलाच नाही. तेव्हा तिचे वय एकोणीस होते, म्हणजे आज माझे आहे तेवढेच. एवढ्या वयात घर कायमचे सोडण्याचे बळ श्रद्धेतून येते, हे मान्य करावे लागते, मग ती श्रद्धा आपली असो वा नसो.

हॉल मराठी शिकले, रस्त्यांवर आणि बाजारांत बोलू लागले. मिशनच्या छापखान्यातून १८१७ मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत निघाले. परंतु पहिली कित्येक वर्षे त्यांचा धर्म स्वीकारणारे जवळजवळ कोणीच नव्हते. इथल्या देवाधर्माविषयी या मंडळींनी पुष्कळ कठोर लिहिले, हेही खरे आहे. १८२६ च्या मार्चमध्ये हॉल नाशिकला गेले तेव्हा तिथे पटकीची साथ होती. जवळची औषधे वाटून ते परत फिरले आणि वाटेत एका देवळाच्या ओसरीत मुक्कामाला असताना त्यांनाही पटकीने गाठले. २० मार्चला ते वारले. मूर्तिपूजेविरुद्ध बोलणाऱ्या माणसाला शेवटी आसरा देवळाच्या ओसरीचाच मिळाला.

१८३१ मध्ये मिशनचे काम अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) सुरू झाले. हा आपला शेजारचा जिल्हा. मात्र आपला धाराशिव जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असल्याने मधली सरहद्द दोन राज्यांची होती. १८२७ मध्ये मुंबईला आलेल्या अविवाहित सिंथिया फॅरारबाई पुढे नगरला गेल्या आणि १८६२ मध्ये मरेपर्यंत मुलींना शिकवीत राहिल्या. जोतीराव फुले यांनी त्यांची शाळा पाहिली होती, आणि १८४८ मध्ये त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच मुलगी आहे. त्यामुळे हा धागा मला केवळ इतिहासाचा वाटत नाही.

नगरलाच आणखी एक गोष्ट घडली. नुसत्या प्रवचनाने लोक बसत नाहीत, कीर्तनाला मात्र रात्रभर बसतात, हे ध्यानात आले आणि १८६० नंतरच्या काळात कृष्णराव सांगळे यांच्यासारख्या मराठी ख्रिस्ती मंडळींनी येशूचे आख्यान कीर्तनातून लावले. परका धर्म इथल्या लोकांपर्यंत पोहोचला तो वीणा आणि टाळ हातात घेतल्यावर.

उलट दिशेचा प्रवास

परक्या संस्कृतीत रुळण्याचे कष्ट फक्त बाहेरून आलेल्यांनाच पडले असे नाही. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंच्या सोवळ्याओवळ्याची, पाण्याची आणि अन्नाची किती तारांबळ उडाली हे 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. गाव तेच आणि भाषाही तीच, पण घरातच परका देश आला. पुढे टिळकांनाही मिशनची साहेबी चाकोरी अपुरी वाटू लागली, आणि ख्रिस्ताची भक्ती मराठी संतांच्या वाटेने करावी असा त्यांनी आग्रह धरला.

तेरपर्यंत

जस्टिन अॅबट यांचे वडील मिशनरी होते. १८८१ पासून सुमारे तीस वर्षे तेही मुंबईत मिशनरी होते. लंडनच्या संग्रहातील 'ख्रिस्तपुराणा'ची देवनागरी हस्तलिखित प्रत त्यांनीच उजेडात आणली. निवृत्तीनंतर अमेरिकेत बसून त्यांनी एकनाथ, बहिणाबाई, तुकाराम आणि रामदास यांची चरित्रे इंग्रजीत आणली. महिपतींच्या 'भक्तविजया'चे भाषांतर त्यांनी न. र. गोडबोले यांच्यासह केले. ते अॅबट यांच्या मृत्यूनंतर, १९३३-३४ मध्ये प्रसिद्ध झाले. 'भक्तविजया'त आपल्या तेरच्या गोरोबाकाकांची कथा आहे. म्हणजे आपल्या जिल्ह्यातला कुंभार एका मिशनऱ्याच्या हातून अमेरिकेला पोहोचला. ख्रिस्ताची कथा इथे सांगायला जे मिशन आले, त्यातलाच एक माणूस अखेरीस इथल्या संतांच्या कथा तिकडे सांगू लागला.

समारोप

गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी तपासली आणि नामदेवांना कच्चे मडके ठरवले, ही कथा आपल्याकडे लहान मुलांनाही माहीत असते. आपण पक्के आहोत अशा खात्रीने आलेल्या मिशनऱ्यांनाही इथल्या भाषेचे थापटणे बसले. ज्यांनी ते सोसले त्यांचे काम टिकले. ज्यांनी सत्तेचा आधार घेतला त्यांच्यामागे पाडलेली देवळे आणि मनातले वैर उरले.

आपल्यापैकी अनेकांना कॉलेज हाही परका मुलूख वाटतो. इथली भाषा घरच्या भाषेहून वेगळी आहे. ती शिकायची म्हणजे घरचे टाकायचे, अशी भीती वाटते. निदान मला वाटत होती. पण स्टीफन्स मराठी शिकले म्हणून त्यांचा ख्रिस्त सुटला नाही, आणि अॅबट तुकारामांपर्यंत पोहोचले ते आपला धर्म न सोडता. दुसऱ्याचे मनापासून शिकल्याने आपले कमी होत नाही, एवढे या अभ्यासातून मला कळले. म्हणून यंदा दिवाळीच्या सुट्टीत आजीच्या ओव्या वहीत उतरवून घेण्याचे मी ठरवले आहे.