दारापुढची पट्टी : गाजर गवत काढा, झेंडू लावा

आरोग्याच्या पानावर फुलझाडांचे काय काम, असे काही वाचकांना वाटेल. मालेगाव तालुक्यातल्या शिरपूर जैनसारख्या गावात पावसाळ्यात वस्तीतून एक फेरी मारली की ते कळते. घराची भिंत आणि रस्त्याकडेची नाली यांच्या मधे दोन-तीन हात रुंदीची पट्टी असते. ती कोणाचीच नसते, म्हणून तिथे सांडपाणी मुरते, पन्न्या साचतात आणि गाजर गवत कमरेएवढे वाढते. लेकरे तिथेच खेळतात. या पट्टीत रंगीत फुले लावली तर दार शोभेल हे खरेच. आम्हाला मात्र दमा, खाज आणि डेंग्यू यांची जास्त काळजी आहे.

आधी गाजर गवताचे बघू. हे गवत मूळचे आपल्याकडचे नाही. १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात ते प्रथम नजरेत आले आणि तिथून देशभर पसरले. एक झाड हजारो बिया टाकते. त्याचा पराग नाकात गेला की शिंका, सर्दी आणि दमेकऱ्यांना धाप लागते. अंगाला वारंवार लागले की हात, मान आणि चेहरा खाजतो, कातडी जाड व काळी पडते. पुष्कळजण याला साधी गजकर्णाची खाज समजून मेडिकलमधून मलम आणून लावत बसतात. गवत दारातच असते, म्हणून खाजही जात नाही.

हे गवत फुलावर येण्याआधी, पाऊस पडून माती ओली असताना मुळासकट उपटावे. नुसते कापले तर पुन्हा फुटते. हाताला मोजे नसतील तर जाड पन्नी बांधावी, पूर्ण बाहीचा सदरा घालावा, नाकातोंडाला रुमाल बांधावा. पायात चप्पल-बूट हवेतच, कारण नालीकाठी काच आणि ब्लेड असतात. खोल लागले तर जखम साबणपाण्याने धुवून त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात धनुर्वाताच्या इंजेक्शनची चौकशी करावी. घरात दम्याचा माणूस असेल त्याने या कामात पडू नये.

गवत काढले की जागा रिकामी ठेवायची नाही, नाहीतर पंधरा दिवसांत तेच पुन्हा उगवते. ज्या लांबच्या तुकड्यावर रोज लक्ष देणे होत नाही, तिथे तरोट्याचे बी फेकावे. हिवाळ्यात तरोट्याच्या शेंगा वाळतात तेव्हा बी गोळा करायचे आणि मृगाच्या आधी टाकायचे. तरोटा दाट उगवतो आणि गाजर गवताला दाबतो. पिवळी फुलेही येतात. (कोवळ्या तरोट्याची भाजी आपण आवडीने खातो, पण नालीकाठची खाऊ नये.)

दारापुढच्या तुकड्यात झेंडू लावावा. त्यासाठी बियाण्याचे पाकीट विकत घेण्याचीही गरज नाही. विहारात किंवा घरी घातलेले हार वाळले की फेकून देतो, त्यातच बी असते : काळी बारीक काडी आणि मागे पांढुरकी शेपटी. घरच्या बियाण्याचा झेंडू कधीकधी एकेरी पाकळीचा निघतो, तेवढे चालवून घ्यावे. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात जुन्या घमेल्यात बी टाकले तर आठवड्यात उगवते. रोपे महिन्याची झाली की दीड-दीड फुटावर लावावीत, थोडी वाढली की शेंडा खुडावा म्हणजे फांद्या जास्त फुटतात. अशोक विजयादशमीच्या आसपास घरची फुले हाताशी येतात. शेवंतीची फुटवे काढून लावलेली रोपे थंडीत, महापरिनिर्वाण दिनाच्या सुमारास फुलतात. पावसाळ्यात तेरडा आणि गुलबक्षी फारशी देखभाल न मागता येतात.

आपली काळी माती पावसात पाणी धरून ठेवते आणि झेंडूची मुळे सडतात. म्हणून शेणखत आणि थोडा मुरूम मिसळून वाफा अर्धा फूट उंच करावा. कडेला विटा लावायच्या तर अर्ध्या मातीत पुराव्यात, सुट्या विटांखाली विंचू बसतो. भिंतीपासून दीड फूट जागा मोकळी राहू द्यावी. दाराशी दाट झुडूप म्हणजे सापाला आडोसा. नाली साफ करणाऱ्याला उभे राहायला जागाही हवी. न्हाणीचे सांडपाणी जिथे येते तिथे शोषखड्डा करून कडेने कर्दळ लावावी. तिला पाणी कितीही चालते, आणि लाल-पिवळी फुले बाराही महिने येतात.

आता डेंग्यू. झेंडू लावला की डास येत नाहीत, असे लोक सांगतात. त्यावर विसंबू नका. डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. कुंडीखालची ताटली, मनीप्लांटची बाटली, झाड लावायला ठेवलेले टायर, भोक न पाडलेला रंगाचा डबा, या सगळ्यांत तो वाढतो. भगवंताच्या मूर्तीपुढच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढच्या फुलदाणीतही वाढतो. विहारातली फुलदाणी तर एका वंदनेपासून पुढच्या वंदनेपर्यंत आठवडाभर तशीच असते. पाणी एक दिवसाआड बदलावे आणि भांडे आतून घासावे, कारण अंडी पाण्याच्या कडेला भांड्याला चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. डब्यांना खाली भोके पाडा, ताटल्या काढून टाका. आठवड्याचा कोरडा दिवस पाळताना रांजण-टाकीबरोबर कुंड्याही बघायच्या.

फुले निवडताना लेकरांचा विचार करा. पिवळी कण्हेर, जिच्या बिट्ट्यांनी मुले खेळतात, ती विषारी आहे. बी पोटात गेले तर हृदयाचे ठोके बिघडतात, जीवही जातो. लाल कण्हेर आणि धोतराही तसेच. कुंपणाच्या चंद्रज्योतीच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात, म्हणून मुले खातात आणि उलट्या-जुलाब होतात. ही झाडे दारापुढे नकोत. कोणी खाल्लेच तर मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नका. १०८ ला फोन करा आणि खाल्लेली बी किंवा पान सोबत न्या.

सदाफुलीबद्दल वेगळे सांगायला हवे. ती खडकाळ जागेतही फुलते, लावायला उत्तम. पण साखरेचा आजार असलेले अनेकजण सकाळी तिची पाने-फुले चावून खातात. याच झाडापासून कर्करोगावरची व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिन्ब्लास्टीन ही औषधे निघतात, इतके ते तीव्र आहे. साखरेची गोळी सोडून हे खाणे धोक्याचे आहे, गोळीसोबत खाणेही.

झेंडूवर कीड आली की सोयाबीन-कपाशीचे उरलेले औषध मारायचा मोह होतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. अंगणात, जिथे लेकरू रांगते आणि पाण्याचा माठ असतो, तिथे ते औषध येताच कामा नये. किडलेला शेंडा तोडून टाका, माव्यावर साबणाचे पातळ पाणी शिंपडा. एखादे झाड मेले तर मरू द्या.

उन्हाळ्यात पाण्याची ओढ असते, आणि पाणी बायाच भरतात. फुलांसाठी ताईने आणखी दोन हंडे वाहावेत असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. तांदूळ-भाजी धुतलेले पाणी जेवढ्यांना पुरेल तेवढीच झाडे ठेवा. सदाफुली आणि गलांडा एवढ्यावर तग धरतात.

झेंडूची चांगली भरलेली चार-पाच फुले झाडावरच पूर्ण वाळू द्या. बी सावलीत सुकवून कागदाच्या पुडीत बांधा, वर महिना लिहा. तेवढे बी तुमच्या आणि शेजारच्या दोन घरांच्या पट्टीला पुरते.