‘बॉइल वॉटर’ची सूचना आली तर

अमेरिकेत नळाचे पाणी थेट पेल्यात घेऊन पितात आणि एरवी त्यात काही धोका नसतो. पण मुख्य जलवाहिनी फुटली, शुद्धीकरण केंद्राची वीज गेली किंवा पुराने नदी गढुळली, की शहर ‘बॉइल वॉटर नोटीस’ काढते. वाहिनीतला दाब घसरला की बाहेरचे दूषित पाणी फटींतून आत शिरू शकते. त्यामुळे जंतू प्रत्यक्ष सापडायच्या आधी, नुसत्या शक्यतेवरही ही सूचना निघते. ह्यूस्टनमध्ये २७ नोव्हेंबर २०२२ रोजी केंद्राचा वीजपुरवठा बंद पडला आणि वीस लाखांहून अधिक लोकांना पाणी उकळून घ्यावे लागले. सूचना २९ तारखेला मागे घेतली गेली.

नवागतांची पहिली अडचण म्हणजे सूचना त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये पाण्याचे खाते बहुधा घरमालकाच्या नावावर असते आणि निरोपही त्यालाच जातो. राहायला आल्यावर शहराच्या अलर्ट सेवेत स्वतःचा फोन नोंदवून ठेवलेला बरा. सूचनेचे शब्दही नीट वाचावेत. ‘डू नॉट ड्रिंक’ असे लिहिले असेल तर पाणी उकळून भागत नाही. शिसे किंवा नायट्रेट उकळल्याने जात नाही, उलट पाणी आटल्यावर त्याचे प्रमाण वाढते. अशा वेळी बाटलीबंद पाणीच वापरावे.

पाणी खळखळून उकळू लागल्यावर पूर्ण १ मिनिट तसेच ठेवावे. ६,५०० फुटांपेक्षा उंच गावात, उदाहरणार्थ सांता फेमध्ये, ३ मिनिटे. मग झाकून गार करावे.

पाणी उकळून पिणे मराठी घरांना नवे नाही. चूक होते ती भलत्याच ठिकाणी. भारतातल्या सवयीने फिल्टरवर भरवसा टाकला जातो, पण फ्रिजमधला किंवा जगला बसवलेला साधा फिल्टर मुख्यतः चव सुधारतो, जंतू अडवत नाही. सिंकखाली आरओ असला तरी पाणी उकळावेच. दात घासणे, चूळ भरणे, फ्रिजचा बर्फ, कोशिंबिरीची काकडी आणि कोथिंबीर धुणे, ताकात किंवा कोकम सरबतात घातलेले पाणी, देवाचे तीर्थ, बाळाची दुधाची पावडर कालवणे, या सगळ्याला उकळून गार केलेले पाणीच हवे. वरणभाताची चिंता नाही, कारण ते पाणी शिजताना उकळतेच. कॉफी मेकरमधले पाणी मात्र पुरेसे तापत नाही.

अंघोळ चालते, फक्त पाणी तोंडात जाऊ देऊ नये. तान्ह्या बाळाचे अंग पुसून घ्यावे. कपडे नेहमीसारखे धुता येतात. हाताने घासलेली भांडी १ गॅलन पाण्यात १ चमचा (टीस्पून) बिनवासाचे ब्लीच घालून त्यात किमान मिनिटभर बुडवावीत आणि वाऱ्यावर वाळू द्यावीत.

वीजच नसेल आणि शेगडी इलेक्ट्रिक असेल तर पिण्याच्या पाण्यालाही ब्लीच वापरता येते. ६ टक्क्यांचे, बिनवासाचे ब्लीच गॅलनला ८ थेंब घालून अर्धा तास थांबावे. पाणी गढूळ असेल तर ते आधी फडक्याने गाळावे आणि थेंब दुप्पट करावेत. क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीवर मात्र ब्लीच चालत नाही. १९९३ मध्ये मिल्वॉकीत सुमारे ४ लाख लोक आजारी पडले ते त्याच्यामुळे. म्हणून शक्य तिथे उकळणेच श्रेयस्कर.

भारतातून आलेले वयस्क आईवडील, गरोदर बाई किंवा लहान मूल घरात असेल आणि जुलाबाबरोबर ताप आला किंवा रक्त पडले, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टर गाठावा.

सूचना उठल्यावरही नळात आणि यंत्रांत जुने पाणी उरतेच. थंड पाण्याचे सगळे नळ काही मिनिटे वाहू द्यावेत, साठलेला बर्फ टाकून द्यावा आणि फ्रिजचा फिल्टर बदलावा. एरवीही माणशी दिवसाला १ गॅलन याप्रमाणे निदान तीन दिवसांचे पाणी घरात ठेवावे. सूचना निघाल्यावर दुकानांतल्या बाटल्या लगेच संपतात.