डायलॉग गेले कुठे?

पीसीवर पिक्चर लावला की गाणी दणक्यात आणि डायलॉग पुटपुटल्यासारखे, असं का? ५.१ मध्ये डायलॉग मुख्यतः सेंटर चॅनेलवर असतात. स्पीकर दोनच आणि सेटिंग ५.१, मग ते वाजणार कुठून? सेटिंग स्टीरिओ करा. पुण्याच्याच एफटीआयआयमध्ये शिकलेल्या रसूल पूकुट्टींना २००९ मध्ये 'स्लमडॉग मिलेनिअर'च्या साउंड मिक्सिंगसाठी ऑस्कर मिळालं. आणि आपण डायलॉगच गमवायचे!

रिसीव्हर असेल तर ऑप्टिकल वायर लावा, व्हीएलसीत पासथ्रू चालू करा. ह्या वायरीतून सहा चॅनेल सुटे जात नाहीत. डॉल्बी डिजिटलचा बांधलेला गठ्ठा जातो, तो रिसीव्हर सोडवतो. मात्र आवाज मग पीसीवरून कमी होत नाही. रिमोट जवळ ठेवा, रेक्टर जागे असतात!