सरपणाची काटकसर, व ती शेजाऱ्यास कशी सांगावी

खेड्यातील गरिबीचा विचार करिताना आपण धान्य, वस्त्र व कर्ज ह्यांचा हिशेब करितो. चुलीत काय जाते ह्याचा हिशेब सहसा कोणी करीत नाही. सरपण रानातून येते, म्हणून ते फुकट, असा समज आहे. परंतु ज्या बाईस मोळीकरिता अर्धा दिवस रानात घालवावा लागतो तिची तेवढी मजुरी बुडते, आणि तिजबरोबर मुलगी गेली तर मुलीची शाळाही बुडते. जेथे रान उरले नाही तेथे लाकूड विकत घ्यावे लागते. सधन शेतकरी उन्हाळ्यातच गाडीभर लाकूड घेऊन रचून ठेवितो. मजुराचे कुटुंब भर पावसात एकेक मोळी घेते, व तीही ओली. म्हणजे ज्याच्यापाशी कमी, त्यासच जाळ महाग पडतो.

ह्यावर सरकारने काही केले नाही असे नव्हे. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली, आणि गरीब घरांतील बायकांच्या नावे गॅसच्या कोट्यवधी जोडण्या देण्यात आल्या. परंतु २०२३-२४ साली ह्या घरांनी सरासरी चार सिलिंडरही भरून घेतले नाहीत, असे सरकारी आकडेच सांगतात. १४.२ किलोच्या चार सिलिंडरांत पाचसहा माणसांचा वर्षाचा स्वयंपाक निभत नाही. कारण उघड आहे: रोजंदारीच्या माणसास एका वेळी तेवढी रक्कम काढवत नाही. म्हणून गॅस पाहुण्यांच्या चहापुरता राहतो व भाकरी चुलीवर होते. (चुलीवरची भाकरी अधिक गोड लागते हे आम्हांसही मान्य आहे, वाद त्याविषयी नाही.) पाच किलोचा लहान सिलिंडरही मिळतो, आणि बचत गटात दर आठवड्यास थोडे बाजूस टाकिल्यास तो भरणे सोपे जाते, हे पुष्कळांस ठाऊक नसते. तरी चूल आज उद्या घरातून जात नाही, आणि आपला धडा तिच्याविषयी आहे.

नवी चूल बांधून दिली म्हणजे काम झाले, असे मात्र कोणी समजू नये. ओडिशातील ४४ गावांत सुमारे २,६०० कुटुंबांमध्ये धुराडे असलेल्या मातीच्या चुली ग्रामविकास ह्या संस्थेने क्रमाक्रमाने बांधून दिल्या. हॅना, डफ्लो व ग्रीनस्टोन ह्या तिघा अर्थशास्त्रज्ञांनी त्या घरांची स्थिती चार वर्षे पाहिली. पहिल्या वर्षी रांधणाऱ्या बाईच्या छातीत जाणारा धूर कमी झाला. पुढे तो लाभ नाहीसा झाला, आणि सरपण तर वाचलेच नाही. चुलीस भेगा पडल्या त्या कोणी लिंपिल्या नाहीत, धुराडे कोणी झाडिले नाही, आणि बाया हळूहळू जुन्या चुलीकडे वळल्या. वस्तू घरात आली, पण ती कशी राखावी हे सांगावयास वारंवार येणारे शेजारचे माणूस नव्हते, असे आम्हांस वाटते.

आता जाळ वाया कसा जातो ते पाहू. साध्या मातीच्या चुलीत लाकडाच्या उष्णतेच्या शंभर भागांपैकी दहापंधराच भाग भांड्यास लागतात; बाकीचे वाऱ्यावर, भिंतीत व धुरात जातात. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ अर्धे पाणी असते. असे लाकूड पेटविले की जाळ प्रथम ते पाणी आटवितो, मग आपले काम करितो; डोळे झोंबतात ते निराळेच. म्हणून लाकूड बारीक फोडून, निदान एक उन्हाळा वाळवून, वळचणीखाली ठेवावे. फोडण्याचे बळ ज्या म्हातारीच्या अंगी नाही तिचे लाकूड आळीतील तरुणांनी महिन्यातून एकदा फोडून द्यावे. आमच्या मते ह्या एका कामाने जेवढा लाभ होईल तेवढा दहा व्याख्यानांनी होणार नाही.

दुसरी गोष्ट उकळीची. पाणी एकदा खळखळू लागले की जाळ कितीही वाढविला तरी ते अधिक तापत नाही. त्याची वाफ मात्र होत राहते. आणि पाणी अगदी थंड असता उकळीस आणण्यास जितकी उष्णता लागते, तिच्या पाचपटींहून अधिक त्याची सगळी वाफ होण्यास लागते. तेव्हा उकळी येताच दोन लाकडे मागे ओढावी व भांड्यावर झाकण ठेवावे. डाळ व कडधान्य आधी भिजवावे. चिंच किंवा आमसूल डाळ शिजल्यावरच घालावे, कारण आंबटाने दाणा लवकर मऊ होत नाही. पीठ मळून, भाजी चिरून मगच चूल पेटवावी, आणि वैलावर पाण्याचे भांडे नेहमी असावे. अर्धी शिजलेली डाळ उकळत असतानाच झाकणासह गवत भरलेल्या पाटीत ठेवून वरून गोधडी दाबिली, तर ती आपल्याच उष्णतेने शिजत राहते; वाढण्यापूर्वी मात्र तिला पुन्हा एक उकळी द्यावी. पुष्कळ घरांत स्वयंपाकाइतकेच सरपण अंघोळीच्या पाण्यास जाते. काळा झालेला हंडा सकाळपासून उन्हात ठेवून मुलांची अंघोळ दुपारी उरकिली, तर थंडीखेरीज इतर दिवसांत तेही वाचते.

एक इशारा येथेच देतो. काटकसरीच्या नादाने दार-खिडकी लावून घेऊ नये, आणि कोळशाची शेगडी बंद खोलीत घेऊन तर कधीच निजू नये. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूस रंग नाही, वास नाही, व निजलेले माणूस जागे होत नाही.

हे सर्व सांगावे कोणी? जी बाई त्याच लाकडावर रांधते तिने. आणि “तुमची चूल वाईट आहे” असा आरंभ करू नये. जाऊन बसावे, भाजी निवडू लागावी, व विचारावे, “वहिनी, एवढी मोळी तुम्हांला किती दिवस पुरते?” बहुतेक घरी ह्याचे उत्तर ठाऊक नसते, तेथून बोलणे आपोआप पुढे जाते. मग ताणकाटा घेऊन सात दिवसांचे सरपण रोज तोलावे व भिंतीवर खडूने लिहावे. पुढील आठवड्यात एकच फेरफार करावा, जसे झाकण किंवा भिजविणे, आणि पुन्हा सात दिवस तोलावे. दोन फेरफार एकदम केल्यास कशाने वाचले ते कळत नाही. पाहुणे आले तो दिवस हिशेबात धरू नये. काही न वाचल्यास तसेच लिहावे व दुसरा उपाय करून पाहावा. एका गावास एक काटा पुरेसा आहे. एका घरचे तोलणे संपले की तो त्या घरच्या बाईनेच पुढच्या घरी नेऊन द्यावा, व तिने आपले आकडेही बरोबर न्यावे.