मांसाचे प्रमाण आणि मांसाची प्रत : हॅमसाठीच्या वराहांचे आनुवंशिकीशास्त्र

पशुपैदाशीत एका गुणाची निवड केली की त्याच्याशी निगडित असलेले दुसरे गुणही नकळत बदलतात. या तत्त्वाचे बोलके उदाहरण म्हणजे हॅमसाठी पाळले जाणारे वराह. वराहाच्या मागील पायाची मांडी मिठात मुरवून व अनेक महिने वाळवून हॅम तयार होते. इटलीतील पार्मा हॅमला १९९६ मध्ये युरोपीय संघाचे संरक्षित उत्पत्तिनाम मिळाले. त्यात मांस आणि मीठ यांखेरीज कोणताही घटक घालता येत नाही. साहजिकच मूळ मांसातील दोष झाकण्यास तेथे वाव उरत नाही.

सामूचे महत्त्व

कत्तलीनंतर स्नायूंना होणारा प्राणवायूचा पुरवठा थांबतो. स्नायूंत साठलेल्या ग्लायकोजेनचे लॅक्टिक आम्लात रूपांतर होऊन मांसाचा सामू सुमारे ७ वरून २४ तासांत ५.५ ते ५.७ पर्यंत उतरतो. ही घट संथपणे होणे इष्ट असते. मांस गरम असतानाच सामू वेगाने घसरला, तर प्रथिनांची रचना बिघडते व त्यांची पाणी धरून ठेवण्याची क्षमता घटते. असे मांस फिकट, मऊ आणि पाणचट होते. मुरवताना त्याचे वजन अधिक घटते आणि हॅमची प्रत खालावते.

तीन महत्त्वाची जनुके

*हॅलोथेन जनुक :* विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ग्राहकांची मागणी कमी चरबीच्या मांसाकडे वळली. पैदासकारांनी पिएत्रँसारख्या मांसल जातींना प्राधान्य दिले. मात्र यांपैकी अनेक वराह वाहतुकीच्या ताणाने दगावत आणि त्यांचे मांस पाणचट निघे. हॅलोथेन हा भूल देणारा वायू हुंगविल्यास अशा वराहांचे स्नायू ताठरत, म्हणून या जनुकास हे नाव पडले. १९९१ मध्ये कॅनडातील संशोधकांनी त्याचे मूळ कारण दाखवून दिले. सहाव्या गुणसूत्रावरील आरवायआर-१ या जनुकात एकाच अक्षराचा बदल झाला होता. त्यामुळे स्नायुपेशीतील कॅल्शियमचा मार्ग प्रमाणाबाहेर उघडतो आणि आम्लनिर्मिती वेगाने होते. हा दोष अप्रभावी असल्याने वायूच्या चाचणीत केवळ दोन्ही प्रती सदोष असलेले वराह ओळखता येत. डीएनए चाचणीमुळे एकच सदोष प्रत असलेले वाहकही ओळखता येऊ लागले. त्यामुळे पैदाशीच्या कळपांतून हा दोष दूर करणे शक्य झाले.

*आरएन जनुक :* हा दोष हॅम्पशायर जातीत आढळला. पंधराव्या गुणसूत्रावरील पीआरकेएजी-३ या जनुकातील बदल त्यास कारणीभूत असल्याचे २००० मध्ये सिद्ध झाले. या बदलामुळे स्नायूंतील ग्लायकोजेन सुमारे ७० टक्क्यांनी वाढते. येथे सामूच्या घसरणीचा वेग वाढत नाही, परंतु त्याची अंतिम पातळी अधिक खाली जाते. परिणामी, शिजवलेल्या हॅमचा उतारा घटतो. हा दोष प्रभावी असल्याने त्याची एक प्रतही पुरेशी ठरते.

*आयजीएफ-२ जनुक :* २००३ मध्ये या जनुकातील एक बदल स्नायूंची वाढ करणारा व पाठीवरची चरबी घटवणारा असल्याचे दिसून आले. त्यातील केवळ पित्याकडून आलेली प्रत कार्य करते. त्यामुळे कोणता नर वापरायचा, या निर्णयाला येथे विशेष महत्त्व प्राप्त होते.

चरबी : दोष की गुण?

ताज्या मांसाच्या बाजारात नकोशी वाटणारी चरबी हॅमसाठी मात्र आवश्यक ठरते. मांडीवरील चरबीचा थर मिठाच्या प्रवेशाचा व पाण्याच्या बाष्पीभवनाचा वेग आवरतो. थर पातळ असल्यास मांस खारट आणि कोरडे होते. म्हणूनच पार्मा हॅमसाठी किमान ९ महिने वयाचे, परंपरेने सुमारे १६० किलो वजनाचे वराह घेतले जातात. इटलीच्या निवड कार्यक्रमात पहिल्या मिठवणीतील वजनघटीचाही समावेश करण्यात आला. स्पेनमधील इबेरियन वराहांत स्नायूंच्या आतील चरबी अधिक असते. ओकची फळे खाल्ल्याने त्यांच्या चरबीतील ओलेइक आम्लाचे प्रमाण वाढते. तेथील २०१४ च्या नियमांनुसार इबेरियन वंशाचा टक्का वेष्टनावर नोंदवणे बंधनकारक आहे.

प्रत्येक गुण एकाच जनुकावर अवलंबून नसतो. स्नायूंतील चरबीचा आनुवंशिकता गुणांक सुमारे ०.५, तर अंतिम सामूचा सुमारे ०.२ आढळतो. म्हणजेच पहिला गुण निवडीने लवकर सुधारतो. दुसऱ्यासाठी मोठे दोष असणारी जनुके वगळणे आणि कत्तलीपूर्वीची हाताळणी सुधारणे या दोन्ही गोष्टी कराव्या लागतात.

भारताच्या संदर्भात

२०१९ च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे ९०.६ लाख वराह होते. २०१२ च्या तुलनेत ही संख्या १२.०३ टक्क्यांनी कमी होती. आसामचा वाटा सर्वाधिक होता. २०२० पासून आफ्रिकन स्वाइन फीवरने ईशान्य भारतातील कळपांची मोठी हानी केली. कळप पुन्हा उभे करताना कोणता वंश निवडावा, हा प्रश्न तेथील लहान पशुपालकांच्या उपजीविकेशी थेट जोडलेला आहे. गुवाहाटीजवळील राणी येथील वराह संशोधन केंद्राने हॅम्पशायर व बंगालमधील घुंगरू यांच्या संकरातून ‘राणी’ हा वाण विकसित केला आहे. गोव्यातील ‘अगोंदा गोवन’ ही जातही नोंदणीकृत आहे, आणि तेथे मसाले व व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या चोरीसची परंपरा आहे.

विदेशी नरांमुळे वाढीचा वेग वाढतो, हे खरे आहे. परंतु त्यांच्यासोबत सदोष जनुके येणार नाहीत, याची डीएनए चाचणीने खातरजमा करणे आवश्यक आहे. हॅलोथेन जनुकाचा इतिहास हेच सांगतो की, केवळ वजन मोजणारी निवड उत्पादन वाढवते, परंतु त्याची किंमत पुढे मरतुक आणि कमी प्रतीच्या मांसाच्या रूपाने चुकवावी लागते. स्थानिक वंशांचे जतन आणि शास्त्रीय निवड ही दोन्ही उद्दिष्टे परस्परपूरक मानली, तरच वराहपालनाचा विकास टिकाऊ ठरेल.